भिंतीला डोकं टेकू नका

— नाही, चपला खालीच काढा. पायरीवर नाही हो, त्या रॅकमध्ये. हां. आता या वर. आणि भिंतीला हात लावत नका येऊ, ठसे उमटतात. पाटी वाचूनच आलात ना, वरचा मजला भाड्याने देणे आहे ती? बरं. तुमचे मिस्टर खालीच थांबले का, स्कूटरपाशी? थांबू दे. पुरुषांना घरातलं काय कळतं! आमच्या यांनी जन्मभर पूल बांधले, नद्यांवर बांधले, खाड्यांवर बांधले, मोठे इंजिनिअर म्हणून लोक नमस्कार करायचे, पण घर म्हणजे काय ते माणसाला शेवटपर्यंत कळलं नाही. शेवटपर्यंत म्हणजे — अहो, आहेत! चांगले धडधाकट आहेत, कामासाठी बाहेरगावी असतात. असं तोंड नका करू.

ही मोठी खोली, तो पलीकडे ओटा, त्याच्या मागे न्हाणीघर. उजेड बघा किती येतो. खिडक्या मी सांगून करून घेतल्या, मिस्त्री नको म्हणत होता, म्हटलं पैसे कोण देतंय, तू की मी? ते टेबल? ते इथेच राहणार. नकाशे काढायचं टेबल आहे ते, तिरकं होतं, यांच्यासाठी केलं होतं, घर बांधलं तेव्हा. ही खोलीच त्यांच्यासाठी होती. एक रेघ नाही मारली त्यावर. तर तुमचं सामान त्याच्या कडेकडेने लावायचं, आणि टेबलावर काही म्हणजे काही ठेवायचं नाही. खिळा? छे! खिळा मारायचा नाही. घड्याळ लावायला भिंतच कशाला लागते, मनगटाला लावा.

सध्या कुठे राहता म्हणालात? हां हां, त्या मागच्या इमारती. ठाऊक आहेत मला. शेजाऱ्याला शिंक आली की आपण रुमाल शोधायचा. गॅलरीत वाळत घातलेल्या टॉवेलवरून कळतं कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाचं भांडण झालंय आणि कोणाचा नवरा पुन्हा सोफ्यावर झोपायला लागलाय. माझी धाकटी बहीण राहते तिथे. म्हणते, ताई, इथे सोबत असते. कसली सोबत? वरची बाई खलबत्ता कुटते तो हिच्या डोक्यात कुटते आणि हिला सोबत वाटते!

पण मोठ्या घरांचं तरी काय कौतुक सांगू? माझ्या जावेचा बंगला बघा एकदा. दिवाणखाना एवढा की या टोकाने चहा निघाला तर त्या टोकाला पोचेपर्यंत त्यावर साय धरते. आणि राहतात कुठे? स्वयंपाकघरामागच्या एवढ्याशा खोलीत, दोघं, टीव्हीसमोर, मांडीवर ताटं घेऊन. बाकी सगळ्या घरावर चादरी घातलेल्या. सोफ्यावर चादर, पलंगावर चादर, झुंबराला पिशवी बांधलेली. कामाला बाई येते ती न वापरलेल्या खोल्या पुसून जाते. मी जावेला तोंडावर म्हटलं, वहिनी, हे घर आहे की गोदाम? तर मला म्हणते कशी, तुझं तरी काय वेगळं गं? माझं! माझ्या घराशी बरोबरी! त्या दिवसापासून जाणं सोडलंय मी.

आणि मुलगा. मुलगा आमचा आभाळात राहतो. इतक्या वर, की खिडकीतून ढग दिसतात पण माणूस दिसत नाही, आणि ती खिडकी उघडतही नाही. स्वयंपाकघराला भिंतच नाही! कांदा परतला की वास थेट गादीपर्यंत, म्हणून मग कांदाच बंद. सून डबे मागवते, डबे रिकामे करते, डबे फेकते, झाला स्वयंपाक. तिथल्या संडासातला दिवा माणूस हलला नाही की आपोआप विझतो. मी या वयाची बाई, अंधारात बसून दोन्ही हात हलवतेय, दिवा लाग रे बाबा, लाग! हसा, हसा. मुलगा पण हसला होता. मला नाही हसू आलं. दोन दिवस राहिले आणि परत आले. मुलगा म्हणाला, आई, राहा ना अजून. राहू कशाला? हात हलवायला?

तुम्हाला वाटत असेल, ही बाई सगळ्यांच्याच घरांना नावं ठेवते. मग ठेवणारच! मला जेवढी घरं राहून माहीत आहेत तेवढी कोणाला नसतील. लग्न करून आले ती तंबूत. तंबू म्हणजे तंबू, कापडाचा. नदीकाठी पुलाचे पाये खणत होते, आमचे हे नवे नवे नोकरीला लागलेले. आईने दिलेली भांडी मी वाळूत मांडली होती. वारा सुटला की हे काठी धरायचे आणि मी डाळीचं भांडं धरायची. मग पत्र्याची खोली. उन्हाळ्यात आत भाकरी भाजायला चूल पेटवायचीसुद्धा गरज नाही, नुसती भिंतीला चिकटवली तरी भाजेल! मुलगा तिथे झाला. मग दोन वर्षं कंटेनर, मालाचा असतो ना लोखंडी, त्यात खिडकी कापलेली. मी कूस बदलली की यांनी उठून बसायचं. मग एका ठिकाणी जुना साहेबी बंगला मिळाला, तर त्यात न्हाणीघर हॉलएवढं आणि वटवाघळं आमच्याआधीपासून राहायला. आणि शेवटी कंपनीची कॉलनी — सगळी घरं एकासारखी एक, दार पिवळं, खिडकी पिवळी, तुळईचा रंगसुद्धा पिवळा. एका संध्याकाळी हे कामावरून आले, बूट काढले, खुर्चीत बसले, पेपर उघडला आणि म्हणाले, चहा टाक. चहा आला, प्याले. मग वर बघतात तर कपबशी न्यायला सर्व्हेअरची बायको उभी! दुसऱ्याच्याच घरात! आणि ती बया पण अशी, की मुकाट चहा करून दिला. विचारलं तर म्हणते, भावजी एवढे दमलेले दिसले, उठवायचं जिवावर आलं. मी आठ दिवस बोलले नाही यांच्याशी. आणि यांचं म्हणणं काय? सगळी घरं सारखीच गं. सगळी घरं सारखीच! घरवाल्या पण सारख्याच का मग?

तेव्हाच मी ठरवलं, हे रिटायर झाले की माझं घर. माझं. कंपनीचं नाही, सरकारचं नाही, वाळूतलं नाही, पत्र्याचं नाही. पिवळा रंग तर औषधालाही नाही. आणि बांधलं. एकेक फरशी मी पसंत केली. वास्तविक हे इंजिनिअर, पण मी एक शब्द बोलू दिला नाही, म्हटलं, तुम्ही पूल बांधता, त्यावरून माणसं नुसती निघून जातात. हे राहण्यासाठी आहे.

तर राहायला आलो. मी काय सांगत होते, काही जगावेगळं? साइटवरची सवय, माणूस आला की धपकन भिंतीला टेकून बसणार, डोकं मागे. आणि डोक्याला तेल. नव्या भिंतीला गोल तेलकट डाग, हा एवढा! मी म्हटलं, भिंतीला डोकं टेकू नका. एवढंच म्हटलं. मग बुटांचं म्हटलं. मग ओला टॉवेल, मग सोफ्यावर पाय, मग पाण्याचा पेला टेबलावर ठेवताना खाली काहीतरी ठेवा, लाकूड पांढरं पडतं. कोण नाही सांगत? प्रत्येक घरात बायका सांगतात. तुम्ही नाही सांगत? हे कधी उलटून बोलले नाहीत. त्यांची ती सवयच नाही. नुसते सरकत सरकत गेले. सोफ्यावरून खुर्चीवर, खुर्चीवरून बाहेर पोर्चमध्ये, प्लास्टिकच्या स्टुलावर. दिवसभर तिथे बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं की वॉचमन ठेवलाय. एकदा एका कुरिअरवाल्याने विचारलं सुद्धा, मालक आहेत का? हे म्हणाले, मालकीण आहे, बोलावतो.

आणि एक दिवस दुपारी — मी आत भाजी निवडत होते — हे दारात आले, आणि बघतात माझ्याकडे, आणि म्हणतात, इथे बसू का?

बसू का! स्वतःच्या घरात! इतका राग आला मला. म्हटलं, हे काय नाटक आहे, बसायला परवानगी कशाला लागते? तर म्हणाले, नाही, नाटक नाही, खरंच विचारतोय, कुठे बसू ते सांग. काय बोलायचं अशा माणसाला? मी म्हटलं, बसा कुठे बसायचं तिथे, फक्त पाय पुसून या. ते पाय पुसून आले नाहीत. मी भाजी संपवून बाहेर बघितलं तर स्टुलावर.

त्यानंतर थोड्याच दिवसांत जुन्या ठेकेदाराचा फोन आला, एक छोटा पूल आहे, कोणी अनुभवी माणूस पाहिजे देखरेखीला. म्हणाले, दोन महिन्यांसाठी जाऊन येतो. बॅग इतकी पटकन भरली की काय सांगू, जशी काही भरूनच ठेवली होती. दोन महिन्यांचे चार झाले, पूल झाला, मग त्याच्या पुढचा रस्ता निघाला, रस्त्यावर आणखी एक पूल निघाला. आता वर्ष होऊन गेलं. लोकांना मी सांगते, मोठ्या हुद्द्यावर बोलावून घेतलंय. घेतलंय बोलावून! पत्र्याच्या खोलीत!

अहो, मी जाऊन आले ना. पावसाळ्याआधी. बसने गेले, न कळवता. म्हटलं, बघू तरी कुठला राजवाडा आहे. पत्र्याची खोली, तशीच, आमची पहिली होती तशी. दार उघडंच. हे बाहेर कामावर होते. आत शिरले तर — एका भिंतीला पत्रा कापून खिडकी केलेली, नदीच्या बाजूला. कपडे खुंटीवर. चिवड्याचा नाही तर कसला तरी डबा उघडाच पडलेला, मुंग्या लागलेल्या. पेल्याखाली काही नाही, सगळीकडे गोल गोल डाग. आणि कोपऱ्यात ओटा. विटा रचून वर फरशी टाकलेली. मी म्हटलं, बघा, इंजिनिअर म्हणवतात आणि ओटा किती खाली घेतलाय, धड माप घ्यायला नको? तेवढ्यात यांचा मुकादम आला पाणी घेऊन. म्हातारा आहे, ओळखतो मला. तो म्हणाला, वहिनी, मी पण हेच सांगतो साहेबांना, तुम्ही एवढे उंच, वाकून वाकून कंबर जाते, वीट चढवून देतो एकेक. तर नको म्हणतात. राहू दे म्हणतात एवढाच.

आता मी केवढीशी आहे ते तुम्ही बघताच आहात. जन्मभर सगळ्यांच्या ओट्यांना मी पायाखाली पाट घेऊन उभी राहिले. इथे खालीसुद्धा, माझ्या स्वतःच्या घरात, तो मिस्त्री ऐकेना, म्हणाला स्टँडर्ड माप असतं बाई, आणि मला पण वाटलं की असेल, फोटोतल्यासारखा दिसला पाहिजे. तर तिथे पाट आहे. आणि तिकडे त्या नदीकाठच्या पत्र्यात — मी त्या ओट्यापाशी उभी राहून पाहिलं. हात असे सरळ ठेवले. खांदे उचलावे लागले नाहीत.

हे आले दुपारी. हात धुतले, चहा केला, वाकून, कंबर धरून. माझ्या हातात दिला. म्हणाले, थांबतेस का?

मी म्हटलं, ह्या पत्र्यात? मी? म्हटलं, ओटा वाकडा बांधलाय तुम्ही. आणि संध्याकाळच्या बसने परत. हे सोडायला आले. बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभे होते, माझी पिशवी हातात धरून, द्यायचीच विसरले, शेवटी कंडक्टरने ओढून घेतली त्यांच्या हातातून.

मग काय करणार होते मी? इथे घर कोण बघणार? घर मोकळं टाकून चालतं का? धूळ बसते, ओल येते, पाली होतात. मी फोनवर म्हटलं, तुमची खोली भाड्याने देते. वाटलं, आता तरी म्हणतील, नको, माझी खोली आहे. तर म्हणाले, दे, दे, तुला सोबत होईल. सोबत! कोणाची? येतात एकेक जण. एकाला कुत्रा आणायचा होता. एक जण तर त्या टेबलावर इस्त्री करू का म्हणाला! घालवून दिला. सगळ्यांना घालवून दिलं. कोणी तरी नीट माणूस —

काय म्हणालात?

मी का नाही जात तिकडे?

का म्हणजे? कोण हो तुम्ही मला विचारणाऱ्या? आत्ता जिना चढून आलात, तुमची माझी ओळख नाही, पाळख नाही! एवढं सगळं उभं केलं ते टाकून जाऊ? जन्मभर तेच तर केलं, मांडायचं आणि उचलायचं, मांडायचं आणि उचलायचं. आता नाही उचलायची मी. आणि खोली द्यायची नाही मला. नाही म्हणजे नाही. कारण काही नाही, द्यायची नाही म्हणून नाही. सांगा तुमच्या मिस्टरांना, बाई खडूस आहे. दुसरीकडे बघा.

वाजू दे. माझाच फोन आहे, खाली राहिलाय. वाजू दे म्हणते ना! साइटवर जेवणाची सुट्टी झाली की हे करतात, रोजचंच आहे ते, जेवलीस का, पाणी आलं का, एवढंच विचारायचं असतं. मी तर उचलतच नाही कितीदा. तुम्ही चला पुढे. नाही तर नको, थांबा, जिना अरुंद आहे, मला आधी उतरू दे. सरका. अहो, सरका ना बाई जरा — बंद होईल तो!