काटा लालात गेला

माहेर माह्यं दारव्ह्याकडचं, दिलं मले आर्णीत, रेडिएटर झाळणाऱ्याच्या घरी. काय सांगू तुम्हाले, लोकाइचे नवरे दारू पेतात, पत्ते खेयतात, त्याइच्या बायका सुखी म्हना. माह्या नवऱ्यानं विमान बनवाले घेतलं. पडीक वावरात टिनाचा शेड ठोकला, भंगारातल्या कारचं इंजिन आनलं, पंख बसवले. सासू म्हने, उडाचंच असन तं विहिरीत उडी मार म्हना. मी बी हासली.

इंजिन चाले, पन तापे. कारले रस्त्यावर वारा लागते, याले उभ्याउभ्या कुठचा वारा? मंग ह्याइनं दोन रेडिएटर जोडून एक केला, विमानाच्या नाकाखाली बसवला, समोर पत्र्याचं तोंड केलं, वारा तेथूनच शिराचा. पानी भरतानी नळीत हवा राह्यली तं इंजिन गेलंच समजा, म्हून हे नळ्या दाबू दाबू हवा काढत, लेकराची ढेकर काढतात तशी. आम्हाले लेकरू नाई, सांगून ठेवतो.

दसऱ्याले पूजा ठेवली, सारं गाव तमाशा पाहाले आलं. गावचा पुढारी झेंडूचा हा एवढा हार घेऊन आला न् रेडिएटरच्या तोंडावरच घातला. हे म्हनले, साहेब, तेथूनच हवा जाते, काढू द्या. थो म्हने, देवाचा हार काढते काय बे, फोटो तं होऊ दे, लाव चालू. लावलं. पान्याची गरमी दाखवनारा काटा लालात गेला, हे हात हालवून राह्यले, तं लोकं बी हात हालवून राह्यले. हे इंजिन बंद करून उतरले, हार ओढाले वाकले न् नळी सुटली. कढतं पानी सरकं तोंडावर. वाफेचा भपकारा उठला, लोकाइनं टाळ्या वाजवल्या, त्याइले वाटलं आता उडते. मी बोंबलली तवा टाळ्या थांबल्या. पुढारी गाडीत बसून चालला गेला.

एक डोया गेला, दुसऱ्यानं धुकट दिसते. हे म्हनतात, थेवढं बस हाय, पानी थंड राह्यलं का मी उडतो. किती समजावलं, रडली, भांडली, ऐकतच नाई. चाचपून चाचपून नवा रेडिएटर केला. फक्त काटा दिसत नाई, थो मी पायतो. रेडिएटरले हात लावून पाहाची त्याइची हिंमत नाई, पोयल्यापासून.

इंजिन चालू करतात न् इचारतात, काटा कुठं? काटा मधात असते, निवांत. मी सांगतो, लालात गेला, बंद करा. बंद करतात. थेथीच मातीत बसतात, म्हनतात, जिनगानीभर लोकाइचे रेडिएटर केले, माह्या हातातली कला गेली वो. मंग सारं खोलतात, पुन्हा बनवतात. एकही रेडिएटर चुकला नाई आजवर. मी च्या ठेवतो.

तुमी लिहा, पन त्याइले वाचून दाखवू नका. कधी रडतात तवा वाटते, सांगून टाकावं. नाई सांगत. देव त्याइले माही बी उमर देवो, न् सारी जमिनीवरच देवो.