ज्युलियाच्या सूपमधला मसाला

गळ्याची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे! मुलुंडच्या दवाखान्यात माझ्या शेजारी तापाने फणफणलेली ज्युलिया बसली होती. नाव मी केसपेपरवर वाचलं. सोबत तिची नवी सून.

"दिशा, काल दुपारचं ते चिकन नूडल सूप तूच केलंस ना?"

"हो मम्मी. चिकन उकडलेलं होतंच, त्यात नूडल्स टाकले. दहा मिनिटांत झालं."

"आणि मसाला? माझ्या बाटलीतला?"

"तुमच्या बाटलीला मी हात लावेन? सहा महिन्यांत तुम्ही मला तिचं बूचसुद्धा उघडू दिलं नाहीत."

"मग कुठला?"

"माझ्या आईने कणकवलीहून दिलेला, मालवणी. दोनच चमचे. तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही."

"मला पहिल्या घोटालाच कळलं."

"तरी सात वाट्या प्यायलात?"

"तापात माणसाला भान नसतं गं."

"शेवटी वाटी बोटाने पुसून घेतलीत, मम्मी!"

"बघत होतीस? लबाड! आज पण तेच कर. पण एक चमचा तुझ्या आईचा आणि एक माझा."

"तुमची बाटली वरच्या फळीवर आहे. माझा हात पुरत नाही."

"म्हणूनच तर तिथे ठेवली होती. घरी गेलो की खाली काढू."

बरं बाई, सात हा आकडा मी पदरचा घातला. दिशा तीन म्हणाली होती.