बिडीचं मत

चहा येईस्तोवर ऐका. हॉटेलात सिगारेट बंद, ही पाटी आता तुम्ही वाचता. नगरजवळच्या आमच्या गावानं असली बंदी बहात्तरच्या दुष्काळाआधीच केली होती.

ग्रामपंचायतीच्या खोलीत गावचा एकुलता रेडिओ होता. संध्याकाळी कीर्तन लागलं की पुरुष आत बिड्या ओढत बसायचे आणि धुरामुळं बाया बाहेर ओट्यावर. त्यात माझी दमेकरी आई. शेवटी बायांनी तक्रार केली, तेव्हा सरपंचांनी सभेत विचारलं, "आत बिडी बंद करायची का? व्हय म्हननाऱ्यांनी हात वर करा."

पहिला हात आमच्या तात्यांचा, म्हणजे वडिलांचा. बोटांत पेटलेली बिडी तशीच.

सरपंच म्हणाले, "तात्या, हे मत तुमचं धरू का बिडीचं?"

सगळे हसले. तात्यांनी दारात नाकाला पदर लावून उभ्या असलेल्या आईकडं पाहिलं. बिडी विझवून कानावर ठेवली आणि रिकामा हात पुन्हा वर केला. मग हळूहळू बाकीच्यांचेही हात वर झाले.

दुसऱ्या दिवशी आई पहिल्यांदाच आत, रेडिओजवळ बसली. तात्या बिडी पेटवून बाहेर ओट्यावर, तिच्याच जागी. कीर्तन रंगात आलं तशी आई सरपंचांना म्हणाली, "भावजी, आवाज वाढवा की जरा."

"वयनी, इतक्या जवळ बसून आयकू येत न्हाई व्हय?"

जन्मात नवऱ्याचं नाव न घेतलेली आई पदर सावरत म्हणाली, "मला येतंय. वट्यावर आयकू जात न्हाई."