घरच्या दुधाचा मिल्कशेक

परवा सकाळी नऊलाच ऊन असं तापलं होतं, की ओसरीच्या फरशीवर पाय ठरत नव्हता. बावड्याहून लेक आली होती आणि दुपारच्या एसटीनं परत जाणार होती. तिला गार मिल्कशेक पाजायचा म्हणून मी झाडाचे चिकू आठ दिवस गव्हाच्या काडात पिकवले होते. सून ते सोलायला बसली, आणि माझ्या मुलानं फ्रिजमधून दुधाची पिशवी काढली.

"ही कशाला? आपलं दूध कुठं हाय?"

"आबा, समदं डेअरीला घातलं की. रोजच घालतो."

मी कधी आवाज चढवत न्हाय, पण त्या दिवशी ओरडलोच. "गोठ्यात चार गाया, आन् माझ्या लेकीला इकतची पिशवी? लाज वाटू द्या जरा!"

"असू द्या आबा, मला चालंल," लेक म्हणाली.

"मला न्हाय चालायचं!"

तांब्या उचलला आणि शेजारच्या सोपानरावांकडं तरातरा निघालो. त्यांच्या तर सहा गाया. कुंपणापाशीच ते समोर आले, हातात रिकामी किटली.

"बरं झालं आबा, तुमच्याकडंच निघालो होतो. जावई आल्यात. घरचं तांब्याभर दूध हाय का?"