घरात मराठी बंद

...आणि बंद म्हणजे किती बंद, तर तुम्हाला सांगतो, दूध उतू जायला लागलं तरी बंद! आमच्या शेजारचे गुणाजीकाका, इथेच डोंबिवलीत एका कंपनीत फिटर होते, आता रिटायर... ते हॉलमध्ये बसलेले, समोर गॅसवर दूध वर येतंय, सून बेडरूममध्ये, आणि हे हाक मारतायत, 'उत्तरा, मिल्क... मिल्क इज...' आता उतू जाण्याला इंग्रजीत काय म्हणतात? तुम्हाला तरी येतं का पटकन? शब्द सापडेपर्यंत सगळं ओट्यावर.

का? तर नात. सान्वी, दुसरीतली. तिची इंग्रजीची परीक्षा. शाळेची नाही हो, बाहेरची, छोट्यांची, सेंटर ठाण्याला कोलशेतला, तिथे मॅडम चित्रं दाखवणार आणि पोरीने घडाघडा बोलायचं. म्हणून उत्तरानं फर्मान काढलं, परीक्षेपर्यंत घरात मराठी बंद.

उत्तरा दुष्ट नाही बरं का. बिचारी स्वतः ऑफिसच्या मीटिंगमध्ये तोंड उघडायला घाबरते, पोरीचं तसं होऊ नये एवढंच. पण गुणाजींचं काय? दुपारी घरात आजोबा आणि नात दोघंच. आधी कसं, पोर शाळेतून आली की जेवता जेवता गावची गोष्ट, राजापूरकडची, फणसावरच्या भुताची... आता ते भूत इंग्रजीत फणसावर चढवायचं कसं? मी म्हटलं, काका, सून ऑफिसला गेली की बोला ना गुपचूप. तर म्हणाले, नको रे, पोर आईपासून लपवायला शिकेल. घरात मराठी बंद म्हणजे बंद.

मग काय, दोघं समोरासमोर बसायची आणि 'हाऊ आर यू', 'आय अ‍ॅम फाइन'... की झालं, संपलं बोलणं!

आणि तो गुरुवार. परीक्षा रविवारी. दुपारी गुणाजींच्या छातीत कळ आली, घाम फुटला, हात जड झाला. आता कळ म्हणजे काय इंग्रजीत? डॉक्टर म्हणतात तो शब्द आठवला त्यांना. छातीवर हात ठेवून म्हणाले, 'पेन... बाय, पेन.'

पोर खूश. आजोबांना शब्द आला! धावत गेली, दप्तरातून पेन आणलं. 'हिअर यू आर, ग्रँडपा.'

आणि गुणाजींनी ते घेतलं हो. म्हणाले, 'थँक्यू.'

मी पेपर परत द्यायला गेलो म्हणून. दार पोरीनं उघडलं, हे खुर्चीत घामाघूम, मुठीत पेन. रिक्षात घातलं, हॉस्पिटल गाठलं, वाचले. डॉक्टर मला म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर उशीर झाला असता.

रविवारी गुणाजींनीच हट्ट करून पोरीला परीक्षेला पाठवलं. सगळं बोलली म्हणे, कुठे अडली नाही. तिथून थेट हॉस्पिटलात. कॉटपाशी उभी राहिली, आईकडे एकदा बघितलं, आणि किती दिवसांनी मराठीत, अगदी हळू, 'आजोबा, मला वाटलं पेन पाहिजे.'

'पेनच पाहिजे होतं, बाय.'

'खरं?'

'खरं. सही करायची होती.'

पोरीनं ऐकून घेतलं. पटलं नाही, दिसत होतं. उत्तरा खिडकीकडे तोंड करून उभी, खांदे हलतायत...

आता बंदी उठली. कशाला कोण घरात मराठी बंद म्हणतंय! पण पोरच बोलत नाही हो. ना मराठी, ना इंग्रजी. घाबरते, आपलं पुन्हा काही चुकेल. फक्त आजोबांनी पाणी मागितलं की भांडं घेऊन येते आणि विचारते, 'पाणीच ना, आजोबा? नक्की?'

तेवढंच बोलते. म्हणून गुणाजी दिवसभर पाणी मागतात. आणि डॉक्टरांनी, तुम्हाला सांगतो, त्यांना पाणी कमी प्यायला सांगितलंय.