चेरी तोडायला आलेले कैदी

ज्यूल : आणि हे तू मला आत्ता सांगतेस? ट्रक फाटकाशी यायची वेळ झाल्यावर?

ओटिली : आधी सांगितलं असतं, तर छावणीवर जाऊन नको म्हणून आला असतास.

ज्यूल : आलोच असतो! जर्मन कैदी माझ्या बागेत? ओटिली, रेमीला जाऊन अजून वर्ष नाही झालं.

ओटिली : हे मला सांगतोस?

ज्यूल : मग कुणाला सांगू? पोर गेल्याचा सोनेरी तारा खिडकीत तूच लावलास ना? येणारा-जाणारा तो बघून टोपी काढतो. आणि त्याच खिडकीसमोर ही माणसं शिड्या लावणार?

ओटिली : मग चेरी कोण तोडणार, तेवढं सांग. पोरं सैन्यात. पोरी गोदीत जहाजं जोडताहेत. दरसाल दक्षिणेकडून तोडणीला यायची ती कुटुंबं कारखान्यांना चिकटली. तुझे गुडघे असे, माझी कंबर अशी. किती झाडं उतरवू आपण दोघं?

ज्यूल : सडू दे.

ओटिली : सडू दे म्हणे! वरची रांग रेमीने सैन्यात जायच्या आधी लावली. यंदा पहिल्यांदा लगडलीय. तिच्याखाली चेरीचा चिखल झालेला तुला बघवेल. मला नाही बघवणार.

ज्यूल : तुला काय! तुझ्या माहेरची भाषा बोलणारी माणसं ती.

ओटिली : थांबलास का? बोल पुढे.

ज्यूल : तसं नव्हतं म्हणायचं मला.

ओटिली : तसंच होतं. मागचं युद्ध सुरू झालं आणि आईची भाषा बंद झाली माझी. चर्चमध्ये बंद, दुकानात बंद. घरात तुझ्यासाठी बंद. रेमीला मी एक अंगाईसुद्धा त्या भाषेत म्हटली नाही. अजून काय करायला हवं होतं मी?

ज्यूल : चुकलो. जाऊ दे. झोप नाही गं मला. आजोबांनी भुकेपायी बेल्जियम सोडलं, बोटीत बसून इथे अमेरिकेत आले, जंगल तोडून ही जमीन केली. आणि पोर परत तिथेच जाऊन बर्फात पडलं. कशाला आले होते मग आजोबा?

ओटिली : ऐक. आला ट्रक. तुला नको असेल तर घरात बस, पण बंदूक खुंटीवरच राहू दे.

(त्याच दुपारी, बागेच्या वरच्या रांगेत. शिडीवर एक कैदी, खाली नवरा-बायको. ओटिली कैद्याशी जर्मनमध्ये बोलते. ज्यूलला ती भाषा येत नाही.)

ज्यूल : हा सकाळपासून याच रांगेत आहे. नाव काय याचं?

ओटिली : एवाल्ड.

ज्यूल : विचार त्याला, गेल्या हिवाळ्यात कुठे होता.

ओटिली : नको ना, ज्यूल.

ज्यूल : तू विचारतेस, की मी गचांडी धरून विचारू?

ओटिली : एवाल्ड, पोरा, खाली ये जरा. यांना विचारायचंय, गेल्या हिवाळ्यात तू कुठे होतास?

एवाल्ड : इथेच, बाई, अमेरिकेत. मी आफ्रिकेत पकडला गेलो, त्याला दोन वर्षं होऊन गेली. हिवाळ्यात आम्हाला कापूस वेचायला नेलं होतं, टेक्ससला.

ओटिली : तो तिकडे नव्हताच. त्याच्या आधीच धरला गेला, आफ्रिकेत. हिवाळ्यात टेक्ससला कापूस वेचत होता.

ज्यूल : नक्की?

ओटिली : नक्की.

एवाल्ड : बाई, असं का विचारताहेत ते?

ओटिली : आमचा मुलगा गेला. बेल्जियममध्ये, डिसेंबरात.

एवाल्ड : माझा थोरला भाऊ होता तिथे. त्या लढाईत. पुढे काय झालं त्याचं, काही कळलं नाही. हे त्यांना नका सांगू, बाई. मेहेरबानी करा.

ज्यूल : काय म्हणतोय? तुझा चेहरा का उतरला?

ओटिली : सांगू नका म्हणतोय. पण तुझ्यापासून लपवायचं बळ नाही माझ्यात. त्याचा भाऊ होता तिथे.

ज्यूल : जिवंत आहे?

ओटिली : त्याला ठाऊक नाही.

ज्यूल : मला वाटलं होतं, यांच्यातला एक तरी असा निघेल. त्याच्याकडे बोट दाखवून म्हणता येईल, हाच तो.

ओटिली : आणि मग?

ज्यूल : मगचं काही ठरवलं नव्हतं.

एवाल्ड : बाई, मी खालच्या रांगेत जातो. त्यांना मी इथे नको असेन.

ओटिली : खालच्या रांगेत जाऊ का, विचारतोय.

ज्यूल : कशाला? हीच अजून अर्धी बाकी आहे. पण म्हणावं, असं ओरबाडू नकोस. देठाजवळचा डोळा मोडला, की पुढच्या वर्षी तिथे फळ धरत नाही.

ओटिली : मला कशाला सांगतोस? तूच दाखव हाताने.

ज्यूल : हं. बघ रे. बोटं खालून घालायची. आता हलकेच फिरव. अरे, हलकेच!

एवाल्ड : असं?

ज्यूल : काय म्हणाला?

ओटिली : बरोबर जमलं का, विचारतोय.

ज्यूल : जमेल. ओटिली, त्या भावाचं नाव काय?

ओटिली : एवाल्ड, भावाचं नाव काय तुझ्या?

एवाल्ड : लोरेन्त्स.

ज्यूल : लोरेन्त्स. बरं. त्याला सांग, आमच्याचं रेमी.