काट्यावरची पोर

मोहोळहून सोलापूरला निघालेल्या एसटीत टॉवेलवाले कमलाकरशेट बसले होते. पुढच्या सीटवर सीएच्या ऑफिसात शिकणाऱ्या दोन मुली बोलत होत्या.

"साहेब म्हणतात तर गोदाम न बघताच मालाच्या यादीवर सही करून टाक की."

"न्हाय. खोकी उघडून माल मोजणार."

"एथिक्सच्या पेपरात तर काठावर पास झालीस."

"पेपरचं सोड. माझे वडील श्रीपूरला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर हायेत. उसाची गाडी काट्यावर असताना मी नुसता पाय टेकवला, तरी वजन थांबवायचे. 'आधी खाली उतर,' म्हणायचे."

"आज कुणाचं गोदाम?"

"कमलाकरशेटचं."

शेटनी हळूच फोन लावला.

"भीमा, गोदामातली मागची रिकामी खोकी काढून टाक. हाय तेवढाच माल दाखवायचा. मोजायला काट्यावरची पोर येतीय."